दिवेलागणीनंतरचा विस्तव

२ डिसेंबर
आलो एकदाचे बुऱ्हाणपूरला! श्रीकांतला इथल्या कागद कारखान्यात नोकरी लागली आणि माझं काम लॅपटॉपवर मावतं, म्हणून नाशिकचं बिऱ्हाड हलवलं. लालबागेत घरमालकीण भागाबाईंच्या मागच्या दोन खोल्या, अंगणात चूल. समोरच्या घरातली कोकिळा नुकतीच बाळंत झाली आहे. तिच्या बाजेखाली दिवसभर शेगडी धगधगते. बाळ बघायला गेले तर मलाच डिंकाचा लाडू मिळाला. मला हे सगळं फार आवडलंय. शिवाय कामाला आगच हवी आहे. आमची कंपनी बनवतेय त्या व्हिडिओ गेममध्ये जंगलात वस्ती उभारून थंडीत जगायचं असतं आणि त्यातली आग माझ्या वाट्याला आलीय.

५ डिसेंबर
डोक्याचा पार भुगा. वारा जरासा वाढवला की अख्खी वस्ती खाक, कमी केला की पहिल्याच झोपडीत फुस्स. आग आहे की सरकारी फाइल? पुण्याहून पंकज रोज विचारतो, जमलं का. बॉस आहे, विचारणारच. जमलं असतं तर मीच नाचत फोन केला नसता का!

७ डिसेंबर
भागाबाई रात्रभर निखारा राखेखाली जपतात, सकाळी शेजारणी मागून नेतात. ही युक्ती लगेच गेममध्ये टाकली: चूल विझली की शेजाऱ्याकडे विस्तव मागायचा. भागाबाईंनी बजावलं, "दिवे लागल्यावर आग देत नाय कोनाले. घरची ऊब बी संगं चालली जाते." मी हसले. कोडमध्ये आणखी एक अट कोण लिहीत बसणार? गेममधली माझी माणसं केव्हाही देतात.

९ डिसेंबर
गेममध्ये नवीन बग. तिन्हीसांजेला वस्तीत एक बाई घमेलं घेऊन येते. ही मी बनवलेली नाही! जी झोपडी तिला निखारा देते तिथली आग विझते, पुन्हा पेटतच नाही, माणसं गारठून मरतात. तिला काढून टाकली, परत आली. पंकज म्हणतो, भारी आहे, राहू दे. कपाळ माझं.

११ डिसेंबर
भागाबाई शाहपूरला लेकीकडे गेल्यात. संध्याकाळी मी कोडशी भांडत होते, तेव्हा श्रीकांतने दारात आलेल्या एका बाईला चुलीतला निखारा दिला. कोण होती विचारलं तर म्हणाला, तोंडावर पदर होता, हातात घमेलं. भागाबाईंचं बोलणं मी त्याला सांगितलंच नव्हतं.

१२ डिसेंबर
चूल पेटत नाही. गॅसही पेटत नाही, साधी काडीसुद्धा नाही. श्रीकांत गार पडलाय, गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी गारच. डॉक्टर आले, थर्मामीटर झटकत बसले. हीटर लावला, तोही बंद पडला. गेममध्ये ती अट लिहिली — आता लिहिली! काही फरक नाही. मला भीती वाटतेय.

१३ डिसेंबर
भागाबाईंना फोन केला. म्हणाल्या, गेलेला विस्तव परत येत नाही. दुसऱ्या घरचा आणावा लागतो, दिवे लागल्यावरच. मग त्या घराचं काय, विचारलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

संध्याकाळ
श्रीकांत आता बोलत नाही. श्वास — आहे, अजून आहे.
गल्लीतली सगळी दारं बंद. मला बघून लावली.
गेममधली बाई आज आलीच नाही. वस्ती वाट बघतेय.
कोकिळाचं दार उघडं. ती मला नाही म्हणणार नाही. बाळ झोपलंय, शेगडी लाल —
घमेलं घेतलं. पदर पुढे ओढून घेतला, तिच्या डोळ्यांत बघवणार नाही.
फक्त एक. शेगडीत इतके आहेत, त्यातला एकच —