वगळलेली नावं

मंगळवार, ९ मार्च २००४
आले एकदाची. बस दिवसभर लाल मातीतून पळत होती आणि शेजारची बाई दिवसभर अंड्याचं सँडविच खात होती. पण उतरले तर समोर केरिन, पबच्या एप्रनमध्येच धावत आलेली. माझी पोर इतकी टवटवीत झालीय की मी चिडायचंच विसरले. मागच्या हिवाळ्यात ती इथे आली, स्पिरोच्या पबात स्वयंपाकाला लागली. आता हट्टानं मलाही बोलावून घेतलं.

घर टेकडीच्या पोटात कोरलेलं आहे. बाहेर भट्टी, आत गारवा. खिडक्या नाहीत. मला कुठे देखावे बघायचेत? गाव सगळं ओपलचे रंगीत खडे खणणाऱ्यांचं, निम्मं जमिनीखालीच राहतं.

शेजारी झ्वोंको म्हणून म्हातारा आहे, क्रोएशियाचा. चाळीस वर्षं खणतोय. मला बघितल्या बघितल्या म्हणाला, नव्या बाई, इथे उलटं चालू नका, कुठल्यातरी खड्ड्यात जाल, मग तुमच्या पोरीला मला दत्तक घ्यावं लागेल. मी म्हटलं, आधी दाढी कर, मग बाप हो. केरिन हसून हसून खाली बसली.

गुरुवार, ११ मार्च
पाणी-वीज कार्यालयात नोकरी. झाडायचं, पुसायचं आणि रोज टेप बदलायची. टेप कसली म्हणून विचारलं, तर ग्लेनिसनं असा श्वास सोडला की जणू मी तिची किडनी मागितली. ती इथली मोठी बाई. गावातल्या प्रत्येकाचं नाव, पाणी, वीज सगळं एका सर्व्हरवर आहे. त्याची नक्कल रोज टेपवर घ्यायची, म्हणजे सर्व्हर मेला तर टेपवरून सगळं परत आणता येतं. सर्व्हर गारव्यासाठी जुन्या बोगद्यात ठेवलाय आणि ग्लेनिसचे गुडघे जिना उतरत नाहीत. अगं, गाण्याची कॅसेट बदलतेस ना, तसंच, म्हणाली. मी सहावीत शाळा सोडली, पण कॅसेट येते बदलता.

तिनं माझंही नाव त्या सर्व्हरवर चढवलं. झालीस गावची, म्हणाली.

खोक्यातल्या सगळ्या टेपांवर लाल फुली आहे. त्या झिजल्या, फेका, असं ॲडलेडच्या हेमिशनं कधीच सांगितलं होतं. तो फोनवरून यंत्र सांभाळतो. पण या गावात कुणी काही फेकत नाही. दुसऱ्यानं टाकलेल्या मातीच्या ढिगात खडे वेचण्यात यांचा जन्म जातो. ग्लेनिसनं कचऱ्यातून टेपा परत काढल्या. अजून चालतात की, म्हणाली.

बुधवार, १७ मार्च
आज यंत्र अडलं. पडद्यावर आलं, वाचता येत नाही. खाली एक नाव, झ्वोंको मारुशिच. आणि तीन पर्याय. पुन्हा प्रयत्न करा, वगळा, थांबा.

हेमिशला फोन लावला. म्हणाला, धूळ असेल, सफाईची टेप घाला. घातली. पुन्हा तेच. दुसरी टेप घातली, तीही फुलीवाली. पुन्हा तेच. तिकडे फरशी वाळत होती, ग्लेनिस वरून हाका मारत होती. हेमिश म्हणाला, एका म्हाताऱ्याचं पाण्याचं बिल, काय बिघडतं, वगळा, मागाहून भरू.

दाबलं.

गुरुवार, १८ मार्च
झ्वोंकोला सॉसेज रोल द्यायला गेले. दार नाही. दार काढून नेलं असं नाही. दाराच्या जागी टेकडी आहे. अखंड दगड. कुदळीचा एक ओरखडा नाही.

पबात गेले, विचारलं. स्पिरो ग्लास पुसत राहिला. बाई, इथे माणूस कुठे गेला असं कुणी विचारत नाही, म्हणाला. ही यांची रीत आहे म्हणे. कुणी बायकोपासून पळालेला, कुणी पोलिसांपासून. माणूस दिसेनासा झाला की गेला खाली, एवढंच समजायचं. मी म्हटलं, रीत गेली चुलीत, परवा रात्री तू आणि झ्वोंको पत्ते खेळलात, दोघं. तो म्हणाला, कोण दोघं?

वाटलं, खोटं बोलतोय मेला. पण डोळे खोटे नव्हते. तेच वाईट.

निदान केरिनला आठवतोय का ते बघितलं. ती म्हणाली, आई, शेजारी कधी कुणी नव्हतंच.

सर्व्हरवरही त्याचं नाव नाही. टेप मी घातली, वगळा मी दाबलं, म्हणून मलाच तेवढा आठवत असेल का? ही कसली शिक्षा?

शुक्रवार, १९ मार्च
यंत्र पुन्हा अडलं. डोरीनचं नाव. शाळेची बस चालवते ती. मी 'थांबा' दाबलं आणि वायरच उपटली.

हेमिश संतापला. नक्कल अर्धी राहिली, सर्व्हर मेला तर जबाबदार कोण? मी त्याला झ्वोंकोचं सांगितलं. तो लहान पोराशी बोलावं तसा म्हणाला, नोलीन, सुट्टी घ्या. त्या गरमीत असं होतं. मी त्याला जे म्हटलं ते लिहीत नाही. ग्लेनिस म्हणाली, यंत्राला हात लावलास तर घरी पाठवीन. आणि वायर परत लावली. गुडघे दुखतात म्हणे! वायर लावायला बरी उतरली.

सोमवार, २२ मार्च
हेमिशचा निरोप. तुम्हाला दर वेळी त्रास नको, म्हणून तिकडूनच सोय केली आहे. आता यंत्र विचारणार नाही. आपोआप वगळेल.

हात धुवायच्या आधी खाली पळाले. पडद्यावर हिरवं. बॅकअप यशस्वी. खाली वगळलेली नावं.

डोरीन.
आणखी एक, ओळखत नाही.
केरिन.

सोमवारच
तिची खोली नाही. माझ्या खोलीनंतर भिंत. नखं तुटली. दगडच आहे.

स्पिरो स्वतः अंडी तळत होता, जाळून कोळसा. म्हणाला, मी स्वयंपाकीण कधी ठेवलीच नाही, परवडते कुठे. मी तवा हिसकून भिंतीवर मारला. सगळे बघत राहिले. एकानंही विचारलं नाही, काय झालं बाई. रीत नाही ना!

मंगळवार
ग्लेनिसला म्हटलं, केरिनचं नाव परत चढव, तर म्हणाली, नसलेल्या माणसाचं नाव कसं चढवू? मग टेपवरून परत आणायचं. सर्व्हरवर तिचं नाव परत, म्हणजे ती परत. सगळ्या टेपा घालून बघितल्या. वाचता येत नाही. वाचता येत नाही. फुल्या, फुल्या, सगळ्या फुल्या — त्या ग्लेनिसला या टेपा गिळायला लावीन.

हेमिशच्या कानाशी तासभर ओरडले. शेवटी म्हणाला, एक चांगली आहे. नव्या वर्षाला कोरी टेप घेऊन पूर्ण नक्कल केली होती. स्पिरोच्या तिजोरीत असते. पण त्यातून एकच नाव काढता येणार नाही, कुठलं नाव टेपवर कुठे आहे ती सर्व्हरवरची यादी खराब झालीय. सगळं पुसून सगळं जानेवारीसारखं होईल. त्यानंतरचं जे असेल ते जाईल.

विचारलं, त्यानंतरचं काय आहे? तो चाळत होता. मग हसला. तुमच्या गावात कोण मरायला येतंय, म्हणाला. जानेवारीनंतर एकच नवं नाव आहे. तुमचंच.

बुधवार
ग्लेनिसला सांगितलं, टेप चालली की माझं नाव लगेच परत चढव. हो गं, म्हणाली. नखं रंगवत होती.

कशी चढवणार? झ्वोंको कुणाला आठवला? तिला कळणार कसं की कुणीतरी हवं होतं —

स्पिरोकडून टेप आणली. दिली त्यानं. कशाला, ते विचारलं नाही.

केरिनला मी चिठ्ठीही ठेवू शकत नाही. कुणाची म्हणून वाचेल ती?

घातली टेप. 'सर्व पुसून परत आणा. खात्री आहे?' खात्री म्हणे! अरे मेल्यांनो, तुम्ही पोरीला वगळताना विचारलं होतंत का मला?

दाबलं.

बुधवार, खाली
जमिनीवर बसून लिहितेय. यंत्र खरखरतंय. अडलं नाही. नावं येतायत. डोरीन आली. मारुशिच आला, म्हाताऱ्या, दाढी कर —

केरिन.

केरिन आली. पडद्यावर आहे. वाचता येतंय.

जिना बघतेय. पायऱ्या कमी वाटतायत. खालच्या दगडात गेल्यासारख्या —

वर आवाज. तिचाच. घरी पाणी आलं नाही म्हणून ग्लेनिसशी भांडतेय. बरोबर, भांड. सोडू नकोस तिला. माझीच पोर —

हाक मारली. ती थांबली. विचारतेय, खाली कुणी आहे का?

ग्लेनिस म्हणाली, कोण असणार, सर्व्हर आहे नुसता.

अगं भवाने, मी आहे, मी नो