सरळ केलेले ठोके

ता. ९ मार्च, सकाळी अकरा

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. हो, पत्रच आहे. फोन तू उचलत नाहीस आणि मामी दर वेळी "ते अंघोळीला गेलेत" म्हणते. दोन आठवड्यांत माणूस इतक्या अंघोळी करत नाही. अक्षराला हसू नकोस. पंधरा वर्षं बटणं दाबण्यापलीकडे या बोटांनी काही केलेलं नाही.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे, म्हणजे कुरकुर चालू आहे, पण जिने चढते. स्टुडिओतल्या पंख्याची खरखर एकदाची थांबली. पियानोवाल्या बाई रोज तुझी चौकशी करतात. बासवाले मास्तर नुसते तुझ्या रिकाम्या स्टुलाकडे बघतात आणि मग माझ्याकडे. ते जास्त लागतं.

आठ धुना झाल्यात, नववी तेवढी राहिलीय. रॅपवाल्यांना बीट बनवून देणारा माणूस जॅझचा अल्बम करायला निघाला म्हटल्यावर सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. तू एकटा म्हणालास, "ठोक्या, ड्रम्स मी वाजवतो. बघू कोण हसतं ते." आणि खरंच माळ्यावरून ड्रम्स खाली काढलेस, आठवडाभर पुसत बसलास.

आता मुद्द्यावर येतो. येववत नाहीये, म्हणून तर पंख्याबद्दल लिहिलं.

त्या दिवशी तुम्हा सगळ्यांना बोलावून मी आठही धुना ऐकवल्या. तू भिंतीला टेकून ऐकलंस. संपल्यावर माझ्या पाठीवर थाप मारलीस, "झकास" म्हणालास, चपला घातल्यास आणि गेलास, तो पुन्हा आलाच नाहीस. बाकीच्यांना वाटलं, दमला असेल. मला मात्र तेव्हाच शंका आली होती.

मामा, तुझे ठोके मी सरळ केले होते. कॉम्प्युटरवर. आमच्या धंद्याची सवयच ती: ठोका पडद्यावरच्या तालाच्या रेषेच्या मागेपुढे पडला की धरायचा आणि ओढून रेषेवर बसवायचा. तुझा उजवा हात मागे पडत होता. म्हटलं, दोनच ठोके बसवू. मग आठ दिवस तेच करत बसलो. तुझे ठोके जागेवर आले तसा मास्तरांचा बास चुकल्यासारखा वाटायला लागला. तोही सरकवला. मग पियानो. शेवटी त्यात तुम्ही तिघंही उरला नव्हता, नुसता मी होतो.

तू गेल्यावर मूळ रेकॉर्डिंग काढून ऐकलं. मास्तर तुझ्यासाठी थांबत होते रे! बाईसुद्धा. तू उशिरा यायचास आणि ते दोघं नेमके तिथेच तुला गाठायचे. असलं काही मला पंधरा वर्षांत एकदाही बनवता आलं नाही, आणि आपोआप झालं ते मी खोडून ठेवलं. गाढव आहे मी.

स्वतःला सांगत होतो, मामाची लाज राखतोय. साफ खोटं. लाज मला वाटत होती. लोक म्हणतील, याला कोणी मिळालं नाही म्हणून मामाला बसवला, आणि मामाचा तर हात थरथरतो. थरथरतो, मामा. लिहिलं एकदाचं. पहिल्याच दिवशी तू कप धरलास तेव्हा दिसलं होतं. डॉक्टरकडे गेला होतास का, गोळ्या चालू आहेत का, भाचा म्हणून एवढं तरी विचारायचं! ते सोडून मी तुझा हात दुरुस्त करायला बसलो, तेही तुझ्या माघारी.

आता आठही धुना तुम्ही वाजवल्या तशाच्या तशा जोडून ठेवल्यात. वीस तारखेला अल्बम छापायला द्यायचाय आणि शनिवारी सकाळी दहा वाजता नववी वाजवायचीय. एक तरुण ड्रमवाला मोकळा आहे, घड्याळासारखा वाजवतो. त्याला मी बोलावलेलं नाही. तू आला नाहीस तर अल्बम आठ धुनांचाच निघेल. पण तोही तू हो म्हणालास तरच. तुझा हात आज जसा आहे तसा लोकांनी ऐकावा की नाही, हे ठरवणारा मी कोण? नको म्हणालास तर सगळं कपाटात बंद, आईशपथ.

रागाव, शिव्या दे, कान पिळ. फक्त अंघोळीला जाऊ नकोस.

तुझा अपराधी,
ठोक्या

*

ता. १३ मार्च

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या मामीचं आहे, बोलणं माझं. मी सांगतो तसं ती लिहिते, मध्ये मध्ये स्वतःचं घुसडते. (शिव्या मी लिहिणार नाही, त्या समोर भेटल्यावर खा. – मामी)

पहिल्या धुनेचं अर्धं मिनिट झालं तेव्हाच मला कळलं. मामाला काय समजलास? पण रागावून गेलो नाही रे. शहाण्या, तो हात माझाच होता! तिशीतला. भिंतीला टेकून डोळे मिटले आणि वाटलं, अरे, हा तर मी. आठही धुना जागचा हललो नाही. नंतर तुमच्यासमोर उभं राहवेना, म्हणून चपला घातल्या. वाटेत बागेत बसून पोटभर रडलो. तुझा आवाज ऐकला की पुन्हा रडू येईल, म्हणून फोनही घेतला नाही. घरी यातलं काही बोललो नव्हतो, तुझ्या मामीला आत्ता लिहितानाच कळतंय. थांब, ती नाक पुसतेय.

गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतो, हात आता इतकाच. शनिवारी येतो. त्या घड्याळवाल्याला म्हणावं, तू घरी आराम कर. आणि लोकांना माझा आत्ताचा हात खुशाल ऐकव. मास्तर आणि बाई सांभाळून घेत होते, हे मला माहीत नव्हतं. त्यांना माझा नमस्कार सांग.

एक कर. ते सरळ केलेलं पुसून टाकलं नसशील तर त्याची एक प्रत मला दे. कोणाला ऐकवणार नाही. दुपारी एकटाच ऐकत बसेन.

खालची सही मी स्वतः करतोय. मामी म्हणते, वाकडी येईल. येऊ दे.

तुझा
मामा