मनोल्यांची वरी

कर्जत. मंगळवार, संध्याकाळ.

आज मनोल्या आल्या, ती चिमणीहून लहान पाखरं. सुमन गेल्यापासून पहिल्यांदाच. तिने पेरूला टांगलेल्या ताटलीत मी चार महिने रोज तांदूळ टाकतोय, आणि येतात फक्त कबुतरं. वाटायचं, घरात ती नाही हे पक्ष्यांनाही कळलं असेल. काहीतरीच.

सकाळी वाडीवरची हिराबाई भाजी घेऊन आली. ताटलीकडे बघून म्हणाली, "गुरुजी, तांदूळ कशाला? त्यांची चोच बारकी. त्यांना वरी लागते, सालासकट."

"तुला कसं माहीत?"

"बाईंना मीच आणून द्यायची की. तुमाला ठाव नाय?"

नव्हतं ठाऊक. दुपारी ती ओंजळभर वरी घेऊन परत आली. चहा विचारला तर मागच्या पायरीवर बसली. दर मंगळवारी दोघी तिथेच चहा प्यायच्या म्हणे. हेही मला नवीनच.

पाचच्या सुमारास सहा मनोल्या उतरल्या, छातीवर ठिपके असलेल्या. साल फोडताना बारीक कटकट ऐकू येते. ऐकत बसलो. लेकीला सांगावं म्हणून फोन लावला, ती कामात होती.

सालासकट वरी. एवढी साधी गोष्ट सुमनने मला सांगितली नाही, असं होणार नाही. याच खुर्चीत मी पेपर वाचत असायचो. ती बोलत असायची आणि मी नुसतं हं हं म्हणायचो.