लीलाधर विमानाने गेले त्याची हकीकत

जामनेर, कार्तिक वद्य पंचमी, शके १८६८

श्री. रा. रा. लोटनभाऊ, व्याही, मुक्काम धुळे, यांसी उखर्डू गोविंदाचा रामराम. तुमचा दमा, झुंबरबाईंचे गुडघे आणि आमची सूनबाई प्रमिला (सातवा लागला ना?) सर्व ठीक असावे. तुमच्या पत्राला महिनाभर उत्तर दिले नाही, माफी असावी. पण मंगळवारी जे कार्ड टाकले, ते उशिरा नव्हे, फार लवकर टाकले गेले. त्याचा कोपरा फाडलेला आहे. आले असेल तर वाचू नका, वाचले असेल तर रडू नका, आणि पोरीच्या बांगड्यांना कोणाला हात लावू देऊ नका. लीलाधर जिवंत आहे.

झाले असे की मंगळवारी कराचीहून त्याच्या शेठची इंग्रजी तार आली. (आपल्याकडे सुखाची तार कोणाला आली आहे?) ती घेऊन इंदरचंद दुकानदाराकडे गेलो. त्याने वाचले, ‘लीलाधर आज विमानाने गेले.’ वर हसून म्हणतो, ‘नाना, नशीब काढलं पोरानं! जामनेरातून आजवर असं कोणी गेलं नाही.’ आता भाऊ, साठ वर्षे कीर्तने ऐकली. माणूस विमानाने जातो तो कुठे, हे मला इंदरचंदने सांगायचे? मी तिथेच तुरीच्या पोत्यावर बसलो. पोरगा चांगला होता, पण इतका पुण्यवान असेल असे वाटले नव्हते. घरी भिकुबाईने हंबरडा फोडला आणि मी रडत रडत तुम्हाला कार्ड लिहिले.

बुधवारी दुपारी न्हाव्यापुढे बसलो. डावी मिशी उतरली, तोच दारात लीलाधर, काखेत वळकटी! भिकुबाई (ती तुमच्या धुळ्याकडची) किंचाळली, ‘हाऊ कोन शे?’ तो म्हणतो, ‘माय, मी शे. का बरं रडी राहिनी?’ मी त्याला उन्हात उभा करून सावली पाहिली, बूट काढायला लावून पावले पाहिली. सरळ होती. मग कळले, विमान म्हणजे यंत्राचे! रजा आठ दिवसांची, शनिवारी तुमच्याकडे डोहाळजेवण, म्हणून शेठने हौसेने बसवून दिले. कराची ते मुंबई साडेपाचशे मैल, म्हणजे पावणेतीनशे कोस, चार तासांत! चार दिवस म्हणायचे असेल, म्हणून मी तीनदा विचारले. तासच. अहो, आमची जोडी चार तासांत पाच कोस जाते, तेही बांडा बैल रुसला नाही तर. आणि एवढ्या वेगात धोतर कसे राहते? (म्हणे बंद खोलीसारखे असते. मग गावे दिसतात कशी, तर खिडकीतून. खिडकी आली म्हणजे वारा आला!) कालपासून मला घास उतरत नाही. धसका एकच, पावणेतीनशे कोस उडून येणारा माणूस माझ्या कार्डाला गाठू शकत नाही. ते दोन दिवस पुढे आहे.

तुमचा,
उखर्डू

ता. क. तार करत नाही. तारेचा तुम्ही आणखी काही अर्थ लावाल.

आणखी ता. क. परत जाताना लीलाधर मलाही मुंबईहून विमानात बसवतो म्हणतो. मी साफ नाही म्हटले आहे. तुम्ही आग्रहाचे दोन शब्द लिहा, म्हणजे भिकुबाईपुढे मला नाइलाज सांगता येईल.

शेवटचे. हे पत्र घेऊन जो दारात उभा आहे, तो लीलाधरच. पाहिजे तर पावले पाहा, पण मिरच्या ओवाळू नका, आधी प्रमिलाला बाहेर बोलवा. बांगड्या वाजल्या, एवढेच उलट टपाली कळवा. तोवर उरलेल्या मिशीला मी हात लावत नाही.