टाकी फुल ते टाकी फुल

३ नोव्हेंबर, सोमवार

हे आज दुपारीच घरी आले. ट्रक यार्डात आणि माणूस घरी — असं कधी होत नाही. हातपाय धुतले, जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "मी डिझेल विकतो म्हणे."

मला आधी कळलंच नाही. मग तुकड्यातुकड्यानं बाहेर आलं. यांच्या ट्रकच्या डॅशबोर्डवर एक पडदा आहे. गाडी लिटरला किती किलोमीटर देते ते तो दाखवतो. गेल्या महिन्यात त्यानं ४.६ दाखवलं. गाडी धावली आठ हजार. म्हणजे डिझेल लागायला हवं सतराशे चाळीस लिटर. पंपाच्या पावत्या निघाल्या एकोणीसशे पाच लिटरच्या. मधले एकशे पासष्ट लिटर कुठे गेले, असं साहेबांनी चार माणसांत विचारलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणायचं. बोललो दोन शब्द."

आणि डोळ्यांवर हात ठेवून पडून राहिले. झोप लागली नव्हती. श्वासावरून कळतं मला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आठ हजार भागिले एकोणीसशे पाच — ४.२ येतात. पडदा म्हणतो ४.६. दोघांपैकी एक खोटा. साहेबांनी माणसाला खोटं ठरवलं. पडद्याला कोणी तपासलं का? नाही.

तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं मी. निवृत्त होऊन दोन महिने झाले, पण हात शिवशिवतोच. तडक ऑफिस गाठलं. साहेब वयानं आमच्या लेकीएवढे. खुर्ची दिली, पाणी दिलं. माणूस वाईट नाही. "बाई, तो कॉम्प्युटर आहे. तो कशाला खोटं बोलेल?"

म्हटलं, पहिल्या बाकावरची मुलंही बेरीज चुकायची. मला यांच्याबरोबर ट्रकमधून जाऊ द्या. मी मोजते.

ते म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत मोजा काय मोजायचं ते."

घरी येऊन यांना सांगितलं. म्हणाले, "पायऱ्या उंच आहेत हं."

५ नोव्हेंबर, बुधवार

लेकीचा फोन. "आई, तू ट्रकमध्ये? या वयात?" म्हटलं, बसायचंय मला, ओढायचा नाहीये.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली खेप झाली. कंबरेचे बारा वाजलेत, पण आधी लिहून ठेवते.

हिशेब सोपा आहे. निघताना टाकी फुल करायची. परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल करायची. जेवढं भरलं तेवढं खर्च झालं. पडद्याला विचारायचंच नाही. जाताना कागदाची मोठाली रिळं घेऊन छापखान्यापर्यंत, येताना कारखान्यासाठी रद्दी. जाऊन येऊन चारशे चोवीस किलोमीटर.

केबिन इतकी उंच असते हे माहीत नव्हतं. भिंतीपलीकडची अंगणं दिसतात, वाळत घातलेले कपडे दिसतात. यांनी माझ्यासाठी सीटवर घरची उशी आणून ठेवली होती — कधी आणली कोण जाणे. आणि हे चालवतात कसे! चढ यायच्या कितीतरी आधी वेग धरतात, उतार लागायच्या आधी पाय काढून घेतात. ब्रेकवर पाय नुसता टेकवल्यासारखा टेकवतात. एवढा संसार केला, पण हा माणूस काम कसं करतो ते मी आज पाहिलं.

परत आल्यावर टाकी भरली. पडदा म्हणत होता ४.६, म्हणजे ब्याण्णव लिटर भरायला हवं. भरलं एकशे बारा. ३.८ आले. साहेबांच्या आकड्यापेक्षाही वाईट!

यांना सांगितलं. "असं होय," म्हणाले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज खेप नाही. दिवसभर डोक्यात एकच. वीस लिटर जास्त.

काल वाटेत हे तीनदा उतरले होते. एकदा टायरच्या दुकानापाशी, गाडीच्या मागे बराच वेळ होते. आल्यावर म्हणाले, "टायर बघत होतो." मी केबिनमध्ये बसून होते. टाकीकडे माझं लक्ष नव्हतं.

लाज वाटते लिहायला. पण ही वही माझी आहे. इथे तरी खरं लिहिते — मला शंका आली.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी हे यार्डाच्या ऑफिसात सही करायला गेले तेव्हा मी टाकीच्या झाकणावर कागदाची पट्टी आडवी चिकटवली. त्यावर माझी सही. झाकण उघडलं तर पट्टी फाटणार. डिंक वाळायच्या आत हे समोर उभे.

यांनी पट्टी बघितली, सही वाचली. केबिनमध्ये चढले, आता निघून जातात की काय असं वाटलं. तर चिकटपट्टीचं रीळ घेऊन खाली आले.

"डिंकानं नाही राहायची. धुळीनं निघते. ही लाव वरून."

आणि स्वतः कोपरे दाबून दिले.

पन्नास किलोमीटर मी वही मांडीवर मिटून धरली होती. हे बोलत होते — हा पूल नवीन, त्या वळणावर पूर्वी आरसा होता. जणू काही झालंच नाही. छापखान्यावर पोचल्यावर मी म्हटलं, "चुकलं माझं." हे म्हणाले, "मोजायला बसलीस तर नीटच मोज. मला वगळून कसं चालेल?"

परत आलो. पट्टी जशीच्या तशी. भरलं एकशे एक लिटर. ४.२.

मग परवाचे एकशे बारा कुठले? पंपावरच्या म्हाताऱ्या काकांना विचारलं. ते हसले. "बाई, डिझेलला फेस येतो. परवा निघताना नोझल टक करून थांबलं, तुम्ही म्हणालात झालं फुल. टाकीत दहा-बारा लिटरची जागा होती. परत आल्यावर मी फेस बसू देऊन गळ्यापर्यंत भरलं. ते दहा-बारा परवाच्या खेपेच्या नावावर पडले."

म्हणजे चूक माझी. आणि शंका घेतली कोणावर!

पट्टी तरी लावायचीच, असं हे म्हणतात.

१० नोव्हेंबर, सोमवार

भरलं शंभर. ४.२. पडदा ४.६. पट्टी शाबूत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज मला वाटलं, सापडलं! रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत गेले. शंभर दगड झाले तेव्हा गाडीचा मीटर एकशे दोन म्हणत होता. टायर झिजलेत, चाक लहान झालंय, म्हणून जास्त फिरतं. इतका आनंद झाला की मी यांना गाडी थांबवायला लावली.

यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण मास्तरीणबाई, पडदा किलोमीटर त्याच मीटरवरून घेतो ना? आणि तूही त्याच मीटरवरून घेतेस."

बरोबर! दोन्हींत तेच दोन किलोमीटर. फरक तसाच राहतो. तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला सातवी पास ड्रायव्हरनं गणित शिकवलं. हे दहा किलोमीटर गालात हसत होते. हसोत बापडे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पाऊण वाट झोपले. उठवलं नाही यांनी. दगड पण यांनीच मोजले म्हणे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

छापखान्याच्या फाटकाबाहेर रांग असते. पुढचा ट्रक हातभर सरकला की आपण हातभर सरकायचं. इंजिन बंद करून चालत नाही. आज दोन तास तसे गेले. डबा खाल्ला, मी पडद्याकडे बघत बसले. आणि लक्षात आलं — आकडा हलतच नाही. इंजिन धडधडतंय, डिझेल जळतंय, पण गाडी उभी असली की पडदा ते खर्चात धरतच नाही!

यावेळी घाई केली नाही. आधी खात्री. परतल्यावर काकांनी गळ्यापर्यंत टाकी भरली. मग तिथेच पंपाच्या कडेला तासभर इंजिन चालू ठेवून उभे राहिलो. काकांनी स्टूल दिलं, आम्ही दोघं बसलो, येणारी-जाणारी माणसं बघत होती. तासानं पुन्हा भरलं. अडीच लिटर. पडदा जागच्या जागी.

दोन तासांचे पाच लिटर. खेपेला फरक नऊ लिटरचा. उरलेले चार पडदा चालत्या गाडीतही लपवतो. का, ते मला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. दर खेपेला लपवतो, एवढं पुरे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

लेकीचा फोन. "आता परत कधी येणार घरात?" म्हटलं, घरातच आहे, फक्त घर हलतं आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

साहेब स्वतः आले खेपेला. मीच म्हटलं होतं, माझ्या वहीवर विश्वास ठेवू नका, या आणि बघा. मागच्या बाकड्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसले बिचारे. निघताना टाकी त्यांच्यासमोर भरली, पट्टीवर सही त्यांची. वाटेत सुरुवातीला साहेब ताठ होते. मग रांगेत दोन तास गेले, डब्यातलं त्यांनाही दिलं. उपाशी माणसाला ताठ बसता येत नाही.

परतल्यावर नोझल साहेबांनीच धरलं. फेस बसू दिला. एकशे एक लिटर. पडदा ४.६.

साहेबांनी पावती दोनदा वाचली. "म्हणजे पडदा खोटं बोलतो."

हे म्हणाले, "खोटं नाही साहेब, थोडं फुगवून सांगतो. शाळेतली मुलं घरी मार्क सांगतात तसं."

साहेब हसले नाहीत. यांना म्हणाले, "काका, मी चार माणसांत बोललो होतो."

"हो."

"उद्या चार माणसांतच माफी मागतो."

यांनी फडकं उचललं. काच पुसायला घेतली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मागितली. यार्डात, सगळे ड्रायव्हर असताना. मी नव्हते तिथे, पंपावरच्या काकांनी सांगितलं. यांना विचारलं तर "हो, बोलले काहीतरी."

दुपारी मी टाकीच्या झाकणावरची शेवटची पट्टी ओल्या फडक्यानं काढली. डिंकाचा डाग राहिलाय थोडा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसच्या भिंतीवर कागद लागला आहे. यापुढे सगळ्या अकरा गाड्यांचं ॲव्हरेज टाकी फुल करून काढायचं, पडद्यावरून नाही. उभ्या गाडीचे तास वेगळे लिहायचे. खाली माझी पद्धत, क्रमवार. 'फेस बसू द्यावा' हेसुद्धा आहे.

आता मोजायचं काही उरलं नाही. तरी सकाळी हे म्हणाले, "उशी उन्हात टाकली होती, आणलीस का?" आणली. गेले यांच्याबरोबर. येताना मी खिडकी उघडी ठेवून बसले होते. यांच्या डाव्या कानाला ऐकू कमी येतं, हे मला आत्ता कळतंय — मी त्या बाजूला बसते आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. दोनदा सांगायला माझी काही हरकत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

साहेबांनी आज बाजूला बोलावलं. "बाई, तुम्ही तरी सांगा त्यांना, राजीनामा मागे घ्या." मी म्हटलं, कुठला राजीनामा? तर तीन तारखेचा. त्याच दुपारी टेबलावर ठेवून हे घरी जेवायला आले होते. महिनाअखेरपर्यंतची मुदत होती.

गाडी रस्त्याला लागल्यावर विचारलं, "सोडायचंच होतं, तर मला इतके दिवस मोजू का दिलंत?"

यांनी गिअर टाकला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"इतकी वर्षं एकट्यानंच चालवली गं," म्हणाले.

अजून दोन खेपा आहेत.