पातळ भिंतीचा ब्लॉक

प्रिय धाकट्या,

प्रिय लिहिलं, कारण हात सवयीने तसाच वळला. एरवी तुझ्या नावामागे जे लावावंसं वाटतं ते कागदावर न आलेलंच बरं. फोन केले, तू कापलेस. एकदा तुझ्या बायकोने उचलला आणि ‘ते कामात आहेत’ म्हणून ठेवून दिला. ते म्हणे! ह्या साहेबांना नाक पुसायला माझी बाही लागायची.

मासिकातला तुझा फोटो पाहिला. बॉनेट उघडून, हाताची घडी घालून ऐटीत उभा आहेस. खाली छापलंय, मोठं इंजिन आणि वर टर्बो, दोन्हींचा मेळ घालणारा कसबी. अरे, त्या इंजिनाचे सिलिंडर बोअर केले, आतून कोरून मोठे केले कुणी? बाबांच्या गॅरेजमागच्या खोलीत पत्रा तापून भट्टी व्हायची, तिथे मशीनवर मी उभी असायचे आणि तू पुढे गिऱ्हाइकांशी गोडगोड बोलायचास. बाबा गेल्यावर गॅरेज तुझं झालं, पाटीवर नाव तुझं लागलं. मला मशीन मिळालं, तेही तुला नको होतं म्हणून. ह्याचं वाईट वाटत नाही असं खोटं कशाला लिहू? रोज वाटतं.

पण मग फोटोतला इंजिनाचा ब्लॉक नीट बघितला आणि ओळखला. कोपऱ्यातला, बोल्ट बसतो तो तुटलेला कान बाबांनी वेल्डिंग करून जोडला होता, तोच हा. चढाच्या शर्यतीतल्या बाबांच्या गाडीसाठी मी तो केला होता. तिला टर्बो लावायचाच नव्हता, म्हणून बाबा म्हणाले, निघेल तेवढं काढ. मी सिलिंडर इतके मोठे केले की आतलं भोक आणि बाहेरचं, इंजिन गार ठेवणारं पाणी ह्यांच्यामध्ये अंड्याच्या टरफलासारखी भिंत उरली. तू भोक मोजलंस, पिस्टन मस्त बसतोय म्हणून खूश झालास. भिंत मोजलीस का? बाबांचा ह्यावरून किती ओरडा खाल्लायस, तरी पहिले पाढे पंचावन्न.

दोन्ही एकत्र करायला माझी ना नाही. टर्बो फिरायला लागेपर्यंत गाडी मरगळलेली असते, तोवर मोठं इंजिन तिला ओढून नेतं. मग टर्बो हवा कोंबतो आणि गाडी उधळते. मलाही आवडतं ते. पण त्याला जाड भिंतीचा ब्लॉक लागतो रे. हा म्हणे चाचणीच्या रोलरवर टिकला. तिथे घटकाभर तर पळवतोस! येत्या शर्यतीत फेऱ्यांमागून फेऱ्या तापेल, भिंत तडकेल, पाणी सिलिंडरात शिरेल, पिस्टनचा रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल आणि तेल सांडेल तुझ्याच चाकांखाली, तापल्या सायलेन्सरवर पडून पेटेल. आणि चालवणार तू स्वतः.

हे सगळं तुझ्या मेकॅनिककडून कळवलं होतं. त्यावर तू काय म्हणालास तेही माझ्यापर्यंत आलं. ‘ताईला माझं बरं झालेलं बघवत नाही.’ खरंय, नाहीच बघवत. तुझं कौतुक वाचून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण तुला जळत्या गाडीतून ओढून काढताना बघणं मला जमायचं नाही.

म्हणून काल शर्यतीच्या तपासनिसांकडे जाऊन आले. भिंतीची जाडी मोजायचं यंत्र त्यांच्याकडे आहे. कुठला ब्लॉक, कुठे मोजायचं, सगळं सांगितलं. ते तुला इंजिनाचं हेड, वरचं झाकण, उघडायला लावतील आणि तुझी गाडी ट्रॅकवर उतरणार नाही. फोटोवाल्यांसमोर, सगळ्यांसमोर तुला परत पाठवतील, आणि ते माझ्यामुळे. हे तुला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी लिहिलं. आता जन्मभर बोलणार नाहीस, ठाऊक आहे मला. जळकी म्हणशील, वैरीण म्हणशील. म्हण. जिवंत राहून म्हण.

तुझीच, तू नाही म्हणालास तरी,
ताई