मार्गारेटने लावलेला गुलाब

प्रिय पद्मिनी,

सलाम. तुझं पत्र आणि फोटो मिळाले. खरं सांगते, फोटो बघून पोटात दुखलं. म्हणशील, सफूरा अजून तशीच तिखट आहे. असू दे. अठरा वर्षं रियाधमध्ये एकाच जिन्याच्या वर-खाली राहिलो आपण. तुझ्यापुढे गोड बोलण्याचं नाटक मला जमणार नाही.

किती देखणं आहे गं तुझं ते इंग्लंडमधलं हॅझलकोट! साठ-सत्तर दगडी घरं, मधोमध हिरवळ, तळ्यात बदकं, जुन्या लोहारशाळेत आता चहा आणि केक. आणि चर्च मात्र गावापासून लांब, शेतात एकटंच. तू लिहिलंस की शेकडो वर्षांपूर्वी साथीत जुनं गाव ओस पडलं, उरलेल्यांनी ओढ्यापलीकडे नवी घरं बांधली आणि चर्च होतं तिथंच राहिलं. महायुद्धात गेलेल्या पोरांची नावं दगडावर कोरलीत आणि त्यातली दोन आडनावं आजही गावात नांदतायत. हे तुला कुणी सांगितलं? शेजारच्या मार्गारेटने. पुलावरची महापुराची खूण कुणी दाखवली? मार्गारेटनेच! पानोपानी मार्गारेट. आमच्या ह्यांनी, यूनुसनी, पत्र वाचून विचारलं, ही बाई पद्मिनीकडेच राहते का. मेहेक तर तोंडावर इंग्रजीत म्हणाली की मम्मी जेलस आहे. आहेच मी. नव्याचे नऊ दिवस म्हणून दोन वर्षं गप्प बसले, पण तुझे नऊ दिवस काही संपत नाहीत.

सगळ्यात झोंबला तो गुलाबाचा फोटो. आठवतं, गुलाबांच्या हंगामात आपण दोघी ताइफला गेलो होतो? पहाटे खुडलेल्या फुलांच्या राशी, आणि परतताना गाडीभर वास. गाडी चालवणाऱ्या श्रीपाद भावजींना शिंकांनी बेजार केलं होतं. तिकडच्या नर्सरीत तसलाच गुलाब दिसला म्हणून तू आणलास, हे वाचून मी सुखावले होते. पण स्वतःचं अंगण असताना वर्षभर तू तो कुंडीतच ठेवलास. आपली सवयच ती. इकामा, तो राहण्याचा परवाना, संपला की खलास, मग जमिनीत कशाला काही लावायचं? गच्चीवर कुंड्या मांडायच्या आणि देश सोडताना शेजारणीच्या हवाली करायच्या. तुझा कढीपत्ता आणि तुझी तुळस अजून माझ्याकडे आहेत. तुळशीला रोज सकाळी पाणी घालते, उगाच काळजी करू नकोस.

मग एके दिवशी ती मार्गारेट फावडं घेऊन आली आणि तिने तुझा गुलाब भिंतीशी जमिनीत लावला. आता तो खिडकीपर्यंत पोचलाय म्हणे. मला राग आला तो याचाच. ताइफची आठवण आपली आणि हात मार्गारेटचा. पण मी तिथे असते तर काय केलं असतं? म्हणाले असते, पद्मिनी, जरा मोठी कुंडी घे.

आता खरी बातमी सांगते. यूनुसच्या कंपनीने इथला कारभार आवरला. ईदनंतर आम्ही कायमचे निघतोय, श्रीवर्धनजवळच्या त्यांच्या गावी. घर बांधून कधीचं कुलूप लावून ठेवलंय, भोवती मोठं अंगण आहे. पण त्या गावचं मला काय ठाऊक? वर्षाला एक महिना सुट्टी, तीही लग्नांत आणि दवाखान्यात गेली. मशीद कुणी बांधली, बंदरात गलबतं कुठून यायची, शेजारच्या घरात आता सून कोण आहे, काही माहीत नाही. तुला दोन वर्षांत परकं गाव आपलं झालं आणि मला माझंच परकं राहिलं. मला भीती वाटते, पद्मिनी. मी त्या अंगणातही कुंड्याच मांडून बसेन.

म्हणून लिहितेय. आठ दिवस काढून ये. तिकडे जशी दारोदार विचारत फिरलीस तशी माझ्याबरोबर फीर, आणि मोगऱ्याचं पहिलं रोप आपण दोघी मिळून जमिनीत लावू. मार्गारेटला यायचं असेल तर येऊ दे, कोळंबीचं कालवण करून वाढेन. पण फावडं तिच्या हातात द्यायचं नाही.

तुझीच, मार्गारेटच्या कितीतरी आधीची,
सफूरा